आरती येते, मग ‘पाणी’ का येत नाही?

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या अनेक घरांत हे घडतं. आजोबांची वाचा गेलेली असते. तहान लागली तरी ‘पाणी’ हा शब्द ओठांवर येत नाही, तांब्याकडे बोट दाखवावं लागतं. मग गणपती येतात, घरचे आरतीला उभे राहतात आणि हेच आजोबा कडव्यामागून कडवं घडाघडा म्हणतात. घरच्यांचे डोळे भरून येतात. शेजारच्या काकू मात्र नंतर हळूच म्हणतात, “येतंय की बोलता. मनात आणलं तर बोलतील.”

मनात आणण्याचा इथे प्रश्नच नसतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की वाचाघात होऊ शकतो. काय सांगायचंय ते माणसाला ठाऊक असतं, पण ते सांगायला शब्द जुळवता येत नाहीत. पाठ असलेल्या गोष्टींचं तसं नसतं. आरती, पाढे, वारांची नावं, अगदी तोंडात बसलेली शिवीसुद्धा जुळवावी लागत नाही. चाल पुढचा शब्द आपसूक ओढून आणते. त्यामुळे आरती म्हणता आली म्हणजे बोलणं परत आलं असं होत नाही. ढोंग तर ते नाहीच नाही.

मात्र शाबूत राहिलेल्या या वाटेचा उपयोग करून घेता येतो. १९७३ साली बॉस्टनमधल्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी त्याची एक पद्धत मांडली. ‘पाणी दे’ एवढंच वाक्य घ्यायचं. बोलताना आवाज जसा वरखाली होतो, तसंच ते दोन सुरांत म्हणायचं आणि दर अक्षराला डाव्या हातानं टेबलावर थाप द्यायची. आधी उपचारक बरोबर म्हणतो, मग मध्येच गप्प होतो, पुढे सूर हळूहळू काढून घेतो आणि उरतं ते साधं बोलणं. याला आठवड्यांमागून आठवडे लागतात. शिकवलेली वाक्यं बरीच सुधारतात, पण ती सुधारणा न शिकवलेल्या वाक्यांपर्यंत पोचतेच असं नाही. २०११ साली डोक्यात गोळी लागलेल्या अमेरिकेच्या तेव्हाच्या काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांना पुन्हा बोलतं करताना गाण्याचा वापर झाला, आणि त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. त्यांच्यामागे रोजची किती मेहनत होती, ते व्हिडिओत दिसत नाही.

‘अमुक दुखण्याला अमुक राग’

हा तक्ता तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेला असेल. रक्तदाबाला एक राग, मधुमेहाला दुसरा, झोप येत नसेल तर तिसरा. औषधाच्या दुकानातल्या कप्प्यांसारखी सगळी मांडणी. असा तक्ता कुठल्याही भक्कम चाचणीतून आलेला नाही. थोडं गाणं शिकलेल्या माणसाला तर तो वाचून हसूच यावं. एकच राग विलंबित ख्यालात ऐकला आणि द्रुत तराण्यात ऐकला, तर अंगावर होणारा परिणाम सारखाच कसा असेल? ज्याचं आयुष्य ढोलकीच्या फडात गेलं आणि ज्याचं गोव्यातल्या चर्चच्या गायकवृंदात गेलं, त्या दोघांना एकच चीज कशी लागू पडेल? संगीत ओळखीचं आहे का, ऐकणाऱ्याला आवडतं का आणि त्याची गती काय, या गोष्टींनी फार फरक पडतो.

‘४३२ हर्ट्‌झ’ला स्वर लावले की रोग बरा होतो, हे खूळ याच जातीचं. आपल्याकडे ‘सा’ला आकडाच नाही. कोणी पांढरी एक घेतो, कोणी काळी चार, आणि तानपुरा त्या त्या गळ्याला लावला जातो. मग रोग बरा करणारा आकडा कुठल्या पट्टीत बसवायचा?

मोझार्ट ऐकवून बुद्धी वाढते, ही समजूतही अजून टिकून आहे. तिचं मूळ १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांची एक प्रकारची कोडी थोडी बरी सोडवली, आणि तो परिणाम पाव तासात ओसरला. त्यात तान्ही बाळं नव्हती, बौद्धिक अक्षमता असलेली माणसंही नव्हती.

मोजून सिद्ध झालेली गोष्ट त्या मानानं फार साधी आहे. ती म्हणजे ठेका. कंपवातात पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं होतं, कारण चालण्याची लय आतून धरून ठेवणारी यंत्रणा ढिली पडलेली असते. बाहेरून ठेका मिळाला की पाय त्याला धरतात. अमेरिकेत मायकेल थाउट यांनी १९९०च्या दशकात यावर पद्धतशीर काम केलं. रुग्ण मिनिटाला ९० पावलं टाकत असेल तर आधी ९० ठोक्यांचाच ठेका द्यायचा. तो जमला की पाच-दहा टक्क्यांनी वाढवायचा. मेट्रोनोमची कोरडी टिकटिकही चालते. वारीत थकलेल्या पायांना टाळ-पखवाज पुढे नेतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मात्र पडण्याचा धोका असलेल्या रुग्णाशेजारी हात द्यायला फिजिओ उभा हवा. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरच्या २९ चाचण्या आणि त्यांतले ७७५ रुग्ण यांचा आढावा वैद्यकीय चाचण्या तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली घेतला. चालण्यातली सुधारणा त्यात सर्वांत ठळक होती. बाकी बाबतींत पुरावा तितका पक्का नव्हता.

‘दर शुक्रवारी पेटीवाले येतात, म्हणजे संगीतोपचार चालू आहे’

दर शुक्रवारी पेटीवाले येतात ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांचं येणं बंद करा असं कोणी म्हणू नये. पण तो संगीत-उपक्रम झाला. उपचारात आधी त्या माणसाची तपासणी होते, एक उद्दिष्ट ठरतं (उजवा हात खांद्यापर्यंत उचलणं, दहा मिनिटं गटात बसणं, ‘नको’ म्हणायला शिकणं) आणि काही आठवड्यांनी ते साधलं का, हे मोजलं जातं. संगीतोपचाराच्या पदवीचा पहिला अभ्यासक्रम अमेरिकेत मिशिगन स्टेटमध्ये १९४४ साली सुरू झाला. तिथे आज पदवीखेरीज १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. ब्रिटनमध्ये तर नोंदणीशिवाय स्वतःला ‘संगीतोपचारक’ म्हणवून घेणं बेकायदा आहे.

आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषद १६ प्रकारच्या व्यावसायिकांची नोंदणी करते, आणि संगीतोपचारक त्यांत नाही. म्हणून पाटी कोणीही लावू शकतो. तुम्ही कुठे प्रशिक्षण घेतलंत, उद्दिष्ट काय, नोंदी ठेवता का, आणि फरक पडला नाही तर केव्हा थांबणार, एवढं बिनदिक्कत विचारावं. शेवटच्या प्रश्नाला जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नये असं माझं मत आहे.

उपचार रीतसर असला तरी हवं ते हाती येईलच, असंही नाही. नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०१७ साली आला. उत्स्फूर्त वादनाच्या उपचारानं स्वमग्नतेच्या लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. संगीतोपचारकांनी तो निकाल दडपला नाही, छापला, ही त्या क्षेत्राच्या बाजूची गोष्ट मानतो मी.

‘गाण्यानं कुठे अपाय होतो?’

होऊ शकतो. विशिष्ट संगीतानं झटका येणारी अपस्माराची एक दुर्मीळ तऱ्हा आहे. आवाजाला हळव्या असलेल्या स्वमग्न व्यक्तीला ढोल-ताशाचं पथक सोसवत नाही. आणि ज्याला स्वतः उठून बटण बंद करता येत नाही, त्याच्या उशाशी दिवसभर रेडिओ लावून ठेवणं हाही एक छळच आहे.

‘ऐकू येत नाही त्याला काय उपयोग, आणि दिसत नाही त्याला तर देवाचीच देणगी’

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. पुढे त्या जगातल्या आघाडीच्या तालवादक झाल्या. त्या अनवाणी वाजवतात, कंपनं जमिनीतून पायांत आणि अंगात घेतात. देणगीबद्दल म्हणाल, तर लहानपणीच दृष्टी गेलेल्यांचा सुरांतला बारीक फरक ओळखणारा कान सरासरीनं तीक्ष्ण असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण कान म्हणजे गाणं नव्हे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांची दृष्टी लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवातल्या दारूकामानं अधू झाली. त्यानंतर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी वर्षानुवर्षं तालीम घेतली. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं ते त्या तालमीच्या जोरावर. देणगी म्हणून मोकळं झालं की मेहनतीचं श्रेय द्यावं लागत नाही, आणि ज्या दृष्टिहीन माणसाला गाता येत नाही तो उगाच ओशाळतो.

‘मनानं ती लहान मुलंच आहेत हो’

माझा खरा राग या वाक्यावर आहे. प्रौढ दिव्यांगांच्या एका कार्यशाळेचं संमेलन पाहायला गेलो होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या, कानांवरचे केस पिकलेल्या एका माणसाला सशाचे कागदी कान लावून बडबडगीतावर नाचवलं. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी हाच माणूस बाकावर ठेका धरून आनंद शिंद्यांचं गाणं म्हणत होता, एकही शब्द न चुकता. त्याला काय आवडतं हे तिथे कोणी विचारलं नव्हतं.

फिनलंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळेतून चौघांचा एक पंक बँड २००९ साली निघाला. ‘पेर्त्ती कुरिकान निमिपायवॅत’ हे त्याचं नाव. २०१५ साली तो युरोव्हिजन स्पर्धेत देशाचा प्रतिनिधी म्हणून व्हिएन्नाला गेला. गाणं दीड मिनिटाचंही नव्हतं, त्या स्पर्धेतलं तोवरचं सर्वांत छोटं. त्यात तक्रार आहे ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या आज्ञेत राहण्याची: साफसफाई करा, भांडी घासा, डॉक्टरकडे चला, गोड खाऊ नका. अंतिम फेरी त्यांना गाठता आली नाही. पण सशाचे कान लावून ते गाणं म्हणताच आलं नसतं.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांविषयी आहे. तिथे आजार किंवा उपचार यांची अट नाही. बरं वाटावं म्हणून गाणं, हात सुधारावा म्हणून गाणं, की नुसतं मजा म्हणून गाणं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

बाकीच्या अडचणी सुताराच्या किंवा वायरमनच्या पातळीवरच्या असतात. ढोलकी मांडीवर राहत नसेल तर लाकडी घोडीवर बांधता येते. बोटांत जोर नसेल तर मोठ्या बटणाला आवाज जोडता येतो. हात नुसता हवेत हलवला तरी त्यातून सूर काढणारी ध्वनिलहरींची यंत्रं ब्रिटनमध्ये तीसेक वर्षांपासून वापरात आहेत. एक बाजू लुळी पडलेल्याला पेटी वाजवता येत नाही, कारण एक हात भात्याला लागतो. तेव्हा शेजारी बसून कोणीतरी भाता मारायचा. भाता मारणाऱ्यानं तेवढं एक सांभाळायचं: सूर कुठला आणि किती वेळ, हे त्याच्या हातात नाही.