खताने करपलेली हिरवळ

म्हैसूर शहरातील मंडी मोहल्ला हा व्यापाराचा आणि दाट वस्तीचा भाग होय. अशा वस्तीत हिरवळीला जागा मिळते ती एखाद्या घराच्या अंगणात, नाही तर शाळेच्या आवारातील कोपऱ्यात. लहान तुकड्यावर खत टाकताना हात सैल सुटण्याचा संभव मोठा असतो; कारण खताचे पोते शेताच्या हिशेबाने भरलेले असते आणि हिरवळ असते चार खाटांएवढी. थोड्याच दिवसांत पात्यांची टोके पिवळी पडतात, मग तपकिरी होतात, आणि जेथे मूठ रिकामी झाली तेथे गवताचा वाळलेला ठिपका दिसू लागतो.

पाणी कमी पडले असावे असे पाहणाऱ्यास वाटते, आणि ते एका परीने खरेच असते. कैरीच्या फोडींना मीठ लावले म्हणजे त्यांना पाणी सुटते. पातळ द्रावातील पाणी पेशीच्या पडद्यातून दाट द्रावाकडे जाते. या क्रियेस तर्षण म्हणतात. एरवी मुळातील द्राव मातीतील पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे पाणी मुळांत शिरते. खत अतिशय झाले की मातीतील द्राव दाट होतो, आणि ओल्या जमिनीत उभे असलेले गवत तहानेने मरते. युरियाच्या बाबतीत आणखी एक संकट असते. मातीतील विकरामुळे त्याचा अमोनिया होतो, आणि तो कोवळ्या मुळांना विषासारखा बाधतो.

म्हैसूरजवळ बेळगोळ येथे १९४० च्या सुमारास अमोनियम सल्फेटचा कारखाना उभा राहिला. देशातील अशा पहिल्यावहिल्या कारखान्यांपैकी तो एक होता. बिहारातील सिंदरीचा मोठा कारखाना (हे गाव आता झारखंडात आहे) १९५१ मध्ये सुरू झाला. पुढे युरियाने अमोनियम सल्फेटला बरेच मागे सारले, पण मापाची जुनी सवय काही हातांत राहून गेली. दहा चौरस मीटर हिरवळीस एका वेळी सुमारे ५० ग्रॅम नत्र पुरते. ते सुमारे २४० ग्रॅम अमोनियम सल्फेटमधून मिळते. युरियात मात्र ४६ टक्के नत्र असल्याने ११० ग्रॅम युरिया पुरेसा होतो. जुन्या मापाने युरिया टाकणारा दुपटीहून अधिक नत्र देऊन बसतो. २०१५ पासून देशातील युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप देण्यात येतो. त्याने नत्राचे रूपांतर मंदावते, परंतु चुकीच्या मापावर तो उतारा नव्हे.

दाणे अजून कोरडे दिसत असतील तर पाण्याला हात लावू नये. प्रथम मऊ केरसुणीने ते हलकेच झाडून गोळा करावेत. हे काम बहुतेक जण विसरतात, आणि जे सुपात भरून नेता आले असते ते धुण्यासाठी मग पिंपेच्या पिंपे ओततात. त्यानंतर पाणी द्यावे. २५ मिलिमीटर पाणी म्हणजे दहा चौरस मीटरला २५० लिटर, पंधरा लिटरच्या जवळजवळ सतरा बादल्या. ते झारीने, थांबत थांबत द्यावे आणि पुढील काही दिवस पुन्हा द्यावे. म्हैसूरकडील तांबड्या, वाळूमिश्रित जमिनीतून ते सहज झिरपते. महाराष्ट्रातील काळ्या चिकण मातीत ते साचून राहते. तेथे थोडे थोडे पाणी द्यावे, नाही तर मुळे गुदमरतात.

येथे शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो. मुळांपासून धुतलेले नत्र नाहीसे होत नाही. नायट्रेटच्या रूपाने ते खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे असे भारतीय मानक आहे, कारण तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते. विहीर किंवा कूपनलिका लगत असेल तर झाडण्यावर भर द्यावा आणि पाणी मुळांच्या थरापुरतेच मुरू द्यावे.

करपलेली पाती पुन्हा हिरवी होत नाहीत. मात्र बुंधा चिमटून पाहावा. तो पांढरा आणि टणक असला तर गवत जिवंत आहे. दूर्वा, म्हणजेच हरळी, या बाबतीत चिवट असते. तिच्या जमिनीखालील खोडांना पेरापेरांवर डोळे असतात, आणि वरचे सारे वाळले तरी ती तेथून फुटते. शेतकऱ्याला जी हरळी नकोशी वाटते तिचा हाच गुण अंगणात उपयोगी पडतो. तीन-चार आठवड्यांतही फुटवा न दिसल्यास मेलेले गवत काढून, माती मोकळी करून, निरोगी भागातील पेरे चार बोटांच्या अंतराने लावावीत.

या काळात गवत उंच राखावे आणि एका कापणीत एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. नवी पाती दोन-तीन वेळा कापून होईपर्यंत खत देऊ नये. नंतरचे पहिले खत अर्ध्याच मात्रेचे, तराजूवर तोलून, कोरड्या मातीत मिसळून टाकावे आणि लगेच पाणी द्यावे.