साडी सुरतची, हात खानदेशचे

सुरतची साडी यंत्रावर होते, ही अर्धीच गोष्ट. धागा पॉलिएस्टरचा, विणाई यंत्रमागाची, छपाई मिलमधली, हे खरं. पण रिंग रोडच्या बाजारात घडी उलगडली की गिऱ्हाइकाची नजर जिथे थांबते ते खडे, टिकल्या, लेस बरेचदा कुणीतरी घरी बसून हाताने लावलेले असतात. ते घर लिंबायतचं, उधन्याचं किंवा डिंडोलीचं असेल, तर तिथे मराठी नाहीतर अहिराणी कानावर पडण्याची शक्यता मोठी.

उधना–जळगाव हा सुमारे 300 किलोमीटरचा रेल्वेमार्ग अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारच्या माणसांना थेट यंत्रमागांच्या दारात आणून सोडतो. पुरुष मागावर नाहीतर रंगाई-छपाईत लागले. मुलांसाठी सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. बायकांकडे आलं नगावर पैसे मिळणारं काम: खडे चिकटवणं, लेस शिवणं, सुटे धागे कापणं. गठ्ठा घरी येतो, तयार माल परत जातो. वीज, जागा, सुई आणि डोळे मात्र तिचे.

‘हस्तनिर्मित’, ‘समाजाचं भान ठेवणारी’ अशी चिठ्ठी लावलेल्या वस्तूंचा सध्या मोठा बोलबाला आहे. त्या चिठ्ठीवर कापड कुठलं, रंग कुठला हे असतं. शिवणारीला नगामागे किती मिळाले, हे क्वचित. माझ्या मते जबाबदारीची मोजणी तिथूनच व्हायला हवी. घरबसल्या काम करणाऱ्यांना कामगार मानणारा 177 क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

गुजरातमध्ये नगामागच्या दराच्या या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं ते चिंधीतून. सुरतच्याच कॉलेजात शिकलेल्या इला भट्ट यांनी 1972 मध्ये अहमदाबादला ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना स्थापन केली. दरियापूरच्या बायका व्यापाऱ्याकडून चिंध्या घेऊन रजईच्या खोळी शिवत, आणि दर तोच ठरवी. दरवाढ मागितली तर काम बंद. ‘सेवा’ने त्यांची सहकारी संस्था उभी केली. नक्षी तीच राहिली, व्यवहार बदलला.

डिंडोलीला चिंधीचा तोटा नाही, आणि गोधडीचा धावदोरा खानदेशच्या हातांना शिकवावा लागत नाही. अडचण कापडाची आहे. सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ होतं, घाम शोषतं. पॉलिएस्टर सुईखाली सरकतं, कडेने उसवतं, अंगावर घ्यायला गरम होतं आणि टाकलं तर वर्षानुवर्षं कुजत नाही. त्याची गोधडी करण्याचा हट्ट सोडलेला बरा. आत सुती अस्तर घालून त्याच टाक्याने पिशवी, उशीचा अभ्रा, लॅपटॉपची खोळ केली, तर त्याची चमक आणि चिवटपणा दोन्ही कामी येतात. डिझाइन शिकलेल्या मुलामुलींनी खरं डोकं लावायचं ते इथे: कुठला तुकडा कुठे बसेल, आणि एक नग किती वेळात होईल. वेळ कळल्याशिवाय दर मागता येत नाही.

दुसरा प्रश्न हंगामाचा. दिवाळीआधी आणि लग्नसराईत गठ्ठ्यांवर गठ्ठे येतात. दिवाळी झाली की सुरतचा कापडबाजार बंद होतो, तो लाभपंचमीला उघडतो. त्यानंतरही काम लगेच जोर धरत नाही. पिशव्या-अभ्र्यांची मागणी नोंदवायची असेल, तर ती या रिकाम्या आठवड्यांसाठी नोंदवावी, आणि अर्धे पैसे आगाऊ द्यावेत.