गाडी भरली की सुटते

त्रिनिदादला तेल आहे, वायू आहे. आगगाडी मात्र नाही. १८७६ साली इंग्रजांनी पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा अशी रेल्वे सुरू केली. ती पुढे उसाच्या आणि कोकोच्या मुलखात पसरली आणि १९६८ मध्ये बंद पडली. राजधानीतलं जुनं स्टेशन आज ‘सिटी गेट’ नावाचा बस-मॅक्सींचा तळ आहे. पूर्वेला जिथे रूळ होते, तिथे आता बस आणि मॅक्सींसाठी राखीव रस्ता आहे. खिसा हलका असेल तर बेट बघायला इथूनच निघावं.

मॅक्सी टॅक्सी म्हणजे तिकडचं वडाप, पण रंगांच्या शिस्तीतलं. पांढऱ्या मिनीबसवर पिवळा पट्टा असेल तर ती राजधानी आणि पश्चिमेची, लाल पट्टा पूर्वेचा, हिरवा मध्य-दक्षिणेचा. वेळापत्रक नाही, सीटा भरल्या की गाडी सुटते. भाडं ठरलेलं, घासाघीस नाही. शेअरिंगच्या मोटारींचा नंबर ‘एच’ने सुरू होतो. रिकाम्या मोटारीत बसण्याआधी ‘नेहमीच्याच रूटने ना?’ एवढं विचारून घ्यावं, नाहीतर अख्ख्या गाडीचं भाडं गळ्यात पडतं. सरकारी बस आणखी स्वस्त, फक्त तिकीट चढण्याआधी काढायचं.

स्वस्ताईलाही भूगोल असतो. शेअर गाड्या कामकरी माणसं राहतात तिकडे धावतात, म्हणून काटकसरीचा प्रवासी आपसूक जुन्या ऊसपट्ट्यात पोचतो. १८४५ ते १९१७ या काळात गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर इथल्या मळ्यांवर आले. बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातले, कलकत्त्याहून जहाजात चढलेले. त्यांच्या वंशजांचं शगवानस हे बाजाराचं गाव हिरव्या पट्ट्याच्या वाटेवर आहे. तिथून दुसरी गाडी धरून वॉटर्लूला जावं. तिथे शिवदास साधू या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. ते पाडलं गेलं, त्याला तुरुंगवास झाला. मग कंपनीची मालकी नसलेली जागा त्याने शोधली: समुद्र. सायकलवरून दगड-माती वाहत त्याने वर्षानुवर्षं भराव घातला. आजची इमारत १९९०च्या दशकातली, पण हट्ट त्याचाच.

पोटाची सोय ‘डबल्स’ करतात: हळद घातलेले दोन मऊ ‘बारा’ (तळलेल्या रोट्या), त्यांवर चण्यांची रस्सेदार भाजी आणि चटण्या. उभ्यानेच खायचं. तिखट बेताचं हवं तर ‘स्लाइट पेपर’ म्हणावं. बेताचंही झणझणीत असतं. सान फर्नांडोहून पुढे ला ब्रेआचं डांबराचं तळं, सुमारे शंभर एकरांचं, बघण्यासारखं आहे.

उत्तर किनाऱ्यावरच्या मराकसला मात्र हे स्वस्त प्रवासाचं गणित बिघडतं. पोस्टरवरची पुळण तीच, पण गाड्या तुरळक; परतीचं ठरवूनच जावं. कार्निव्हलच्या दिवसांत तर खोल्यांचे दर ऐकूनच माघारी फिरावंसं वाटतं.

आपल्या माणसाला राजधानीतलं क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान चुकवता येणार नाही. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते इथेच. मडगावच्या सरदेसाईंचं शतक आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरांच्या ६५ व नाबाद ६७ धावा त्याच सामन्यातल्या.