तेजीने मागे ठेवलेले कर्ज

अमेरिकेतले यादवी युद्ध आणि पश्चिम भारत यांचा संबंध बहुतेक ठिकाणी दोन ओळींत आटोपतो. युद्धामुळे कापसाला भाव आला, मुंबई श्रीमंत झाली. युद्ध थांबले आणि मुंबई बुडाली. ही मांडणी खोटी नाही, पण तिच्यात सगळा दोष १८६५च्या घसरणीवर जातो. १८६१ ते १८७९ हा सगळा काळ एकत्र पाहिला तर वेगळे दिसते. दूरच्या मोठ्या अर्थव्यवस्थेतला धक्का छोट्या, कच्चा माल विकणाऱ्या मुलखात आधी बरकतीच्या रूपाने आला, आणि खरे नुकसान त्या बरकतीच्या दिवसांत ठरून गेले. भाव चढे असताना घेतलेली कर्जे आणि ते भाव डोळ्यांपुढे ठेवून आकारलेला सारा, ही देणी भाव उतरल्यावर त्यांच्याबरोबर उतरली नाहीत.

लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाच्या सुमारे तीन चतुर्थांशासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांवर अवलंबून होत्या. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने त्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि पुरवठा आटत गेला. एरवी लिव्हरपूलच्या बाजारात ‘सुरत’ या नावाने ओळखला जाणारा आपला कापूस आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून नाक मुरडून घेतला जाई. आता तोच हातोहात खपू लागला. भेसळ इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इथून गासड्या मुंबईकडे धावत होत्या आणि त्यांच्या मोबदल्यात सोने-चांदी बंदरात उतरत होती. एवढा पैसा जिरवायला शहरात जागा नव्हती. मग बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. बँक ऑफ बॉम्बेवरची जुनी बंधने १८६३च्या कायद्याने सैल झाली होती. ती शेअरांच्या तारणावर कर्जे देत सुटली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण आला, कापसाचा भाव कोसळला आणि हा डोलारा काही महिन्यांत खाली आला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही त्यात सापडला. शहराची ही कथा पुष्कळांनी लिहिली आहे, म्हणून ती इथेच सोडतो. शहराने दिवाळे काढले, पण दिवाळे काढण्याची सोय तरी त्याला होती. रयतेला ती नव्हती.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. रयतेचे सावकारांविरुद्धचे १८७५चे दंगे झाले पुणे आणि नगर जिल्ह्यांत, आणि ते काही कापसाचे जिल्हे नव्हेत. तिथे ज्वारी-बाजरी पिके. मग लिव्हरपूलच्या भावाचा तिथे काय संबंध? संबंध आहे, तो फक्त सरळ नाही. कापसाच्या पैशाने सगळ्याच जिनसांचे भाव चढले, धान्याचेही. त्याच वर्षांत रेल्वेची कामे जोरात होती, बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. मजुरी वाढली, गाडीभाडे वाढले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातातही पैसा खेळू लागला आणि सावकाराच्या लेखी त्याची पत वाढली. सावकाराने सढळ हाताने दिले, शेतकऱ्याने घेतले. पुढे भाव उतरले आणि कामे संपली, तशी ही पत अंगावर आली. नेमक्या याच सुमारास जुन्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपत होती. १८६७ मध्ये इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली आणि काही तालुक्यांत सारा निम्म्याहून अधिक वाढला. आकारणी करणाऱ्यांपुढे तेजीतले भाव होते, सारा मात्र भरायचा होता मंदीत.

त्यात कर्जरोख्याचा, म्हणजे खताचा, व्यवहार जवळून पाहावा. १८५९च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोचे रक्षण हाच होता. प्रत्यक्षात तीन वर्षे भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई. राहिलेली मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून चढे आणि तिच्यावर पुन्हा व्याज धावू लागे. न वाचता उठवलेला अंगठा न्यायालयात पक्का पुरावा ठरे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले ते मुख्यतः ही खते आणि वह्या हस्तगत करायला. बहुतेक ठिकाणी कागद जाळले गेले, माणसांच्या जिवावर क्वचितच कोणी उठले. कशापासून सुटायचे आहे हे त्या लोकांना नीट ठाऊक होते.

कायदा आणि सावकारी हीच दंग्यांची कारणे होती, अमेरिकेला मध्ये आणू नये, असे कोणी म्हणेल. ती कारणे खरीच आहेत. पण तो कायदा आणि ती सावकारी तेजीच्या आधीपासून होती; कर्जाचा आकार वाढला तो तेजीत. तेजीने काहीच दिले नाही असेही मी म्हणत नाही. राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्या देणगीतून उभा आहे, आणि मुंबईची काही नवी जमीन त्याच वर्षांतली आहे. प्रश्न फायदा कुठे साचला आणि देणे कुणाच्या नावावर राहिले हा आहे. इजिप्तकडे पाहिले तर ही एकट्या दख्खनची कथा नाही हे पटते. तोच कापूस, तीच तेजी. तिच्या भरवशावर खेदिव इस्माईलने युरोपात कर्ज काढले. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनला विकावे लागले, १८७६ मध्ये देणी थांबली तेव्हा कर्ज नऊ कोटी पौंडांच्या घरात होते आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज तिथे उतरली. तिथे मारवाडी सावकार नव्हता की मुंबई सरकारचा सारा नव्हता.

दख्खनमध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. दरम्यान १८७६ ते ७८चा दुष्काळ पडला आणि कर्जाने आधीच वाकलेली गावे त्यात सापडली. न्यायालयाने खताच्या मागचा खरा व्यवहार तपासावा अशी तरतूद असलेला दख्खन शेतकरी कायदा झाला १८७९ मध्ये. कापसाचा भाव कोसळून तोवर १४ वर्षे झाली होती.