बॉम्ब कमी झाले, बिल का वाढले?

अमेरिकेने शेवटची अणुचाचणी केली ती २३ सप्टेंबर १९९२ रोजी, नेवाडाच्या वाळवंटात. १९६७ मध्ये तिच्याकडे ३१,२५५ अण्वस्त्रे होती, सप्टेंबर २०२३ मध्ये ३,७४८ उरली. तरी २०२४ च्या आर्थिक वर्षात या अण्वस्त्रांची देखभाल आणि निर्मितीची यंत्रणा यांसाठी १९ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मंजूर झाली. साठा आटत असताना खर्च फुगतो, हे कोडे उलगडत नाही म्हणून त्याभोवती बरेच गैरसमज साठले आहेत.

गैरसमज : हा सगळा पैसा पेंटागॉनला जातो.
क्षेपणास्त्रे, पाणबुड्या आणि विमाने संरक्षण खात्याची. क्षेपणास्त्राच्या टोकावरचे अण्वस्त्र मात्र ऊर्जा खात्याच्या अखत्यारीत येते. बॉम्बचा कारभार मुलकी हातात राहावा, असे १९४६ च्या कायद्याने ठरवले होते, त्याची ही परंपरा. २००० पासून हे काम ऊर्जा खात्यातले राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासन पाहते. प्रयोगशाळा आणि कारखाने सरकारी मालकीचे, पण चालवतात ते कंत्राटदार.

गैरसमज : बॉम्ब एकदा बनला की गोदामात पडून राहतो, त्याला खर्च कसला?
त्यात वापरला जाणारा ट्रिटियम वायू १२.३ वर्षांत निम्मा होतो, म्हणून तो ठरावीक काळाने बदलावाच लागतो. त्यासाठी टेनेसीतल्या वॉट्स बार या वीजनिर्मितीच्या अणुभट्टीत खास कांड्या ठेवतात आणि त्यांतला ट्रिटियम साउथ कॅरोलायनातल्या सवाना रिव्हर येथे काढून घेतात. घरातल्या दिव्यांना वीज देणारी भट्टी बॉम्बचेही काम करते, हे फारसे कुणी सांगत नाही.

गैरसमज : एकदा जमलेली वस्तू पुन्हा बनवणे म्हणजे किरकोळ काम.
याला सणसणीत उत्तर ‘फॉगबँक’ने दिले. पाणबुडीवरच्या ‘डब्ल्यू ७६’ या अण्वस्त्रात हा पदार्थ लागतो. त्याचे नेमके काम आजही गुप्त आहे. तो टेनेसीतच ओक रिज येथे बनत असे. उत्पादन थांबले, कारखाना मोडला, जाणकार निवृत्त झाले, नोंदी त्रोटक राहिल्या. पुढे या अण्वस्त्राचे आयुष्य वाढवायचे ठरले, तेव्हा नवी यंत्रणा उभारली गेली, पण बनलेला माल काही केल्या जुन्यासारखा होईना. बऱ्याच शोधानंतर मेख सापडली. पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि पदार्थाचा गुण तिच्यामुळेच येत होता. हे जुन्या कारागिरांनाही ठाऊक नव्हते. नव्या, जास्त चोख शुद्धीकरणात ती निघून जात होती. नेमकी ती अशुद्धी मुद्दाम राखावी लागली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. या भानगडीत सुमारे ६.९ कोटी डॉलर जादा गेले. ‘क्षमता टिकवणे’ हे शब्द अर्थसंकल्पात कोरडे दिसतात. त्यांत मोडते ते हे.

गैरसमज : प्लुटोनियम झपाट्याने निकामी होते, म्हणून नव्या गाभ्यांची घाई.
बॉम्बच्या प्लुटोनियम गाभ्याला ‘पिट’ म्हणतात. ते पूर्वी कोलोरॅडोतल्या रॉकी फ्लॅट्सला बनत. प्रदूषणाच्या संशयावरून १९८९ मध्ये एफबीआयने तिथे छापा टाकला आणि त्याच वर्षी उत्पादन बंद पडले. आता वर्षाला किमान ८० पिट बनवण्याची क्षमता २०३० पर्यंत उभी करा, असे कायदा सांगतो. मात्र बहुतेक पिट किमान १०० वर्षे टिकतील, असा निष्कर्ष ‘जेसन’ या सल्लागार शास्त्रज्ञगटाने २००६ मध्येच तपासून मान्य केला होता. अर्थात २०१९ मध्ये याच गटाने उत्पादन शक्य तितक्या लवकर पुन्हा सुरू करा, असेही सुचवले. उत्पादनाची सोय हाताशी असावी, हे मला पटते. ‘नाहीतर साठा उद्या कुजेल’ ही भीती मात्र पटत नाही. शिवाय या नव्या योजनेतला पहिला मंजूर पिट ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस अलामॉसला तयार झाला तो ‘डब्ल्यू ८७-१’ या नव्या अण्वस्त्रासाठी, जुन्याच्या डागडुजीसाठी नव्हे.

गैरसमज : पैसे ओतले की काम वेळेत होते.
८० पैकी ५० पिट सवाना रिव्हरला बनायचे आहेत. तिथली इमारत मुळात उलट कामासाठी होती : बॉम्बसाठीचे जादा प्लुटोनियम अणुभट्टीच्या इंधनात रूपांतरित करण्यासाठी. अब्जावधी डॉलर घालून २०१८ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला आणि आता त्याच भिंतींत पिटचा कारखाना बसवला जात आहे. २०३० ची मुदत पाळता येणार नाही, हे अणुसुरक्षा प्रशासनाने स्वतःच मान्य केले आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने जानेवारी २०२३ मध्ये दाखवून दिले की या पिट-योजनेच्या खर्चाचा समग्र अंदाजही नाही आणि पूर्ण वेळापत्रकही नाही.