ईमेलच्या पेटीचे शोधन : आधी प्रत, मग विसर्जन

प्रयोगशाळांचे अहवाल, औषधी निर्मात्यांची देयके, परिषदांची निमंत्रणे, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि परगावी गेलेल्या रुग्णांची पत्रे हे सारे आता ईमेलने येते. गेल्या वैशाखात आमची पत्रपेटी काठोकाठ भरली आणि ते आमच्या ध्यानातच आले नाही. सोलापूरहून मुलाकडे पुण्यास गेलेल्या एका वृद्ध रुग्णेचा सिरम क्रिएटिनिनचा अहवाल तेथील प्रयोगशाळेच्या संगणकाने आपोआप धाडला आणि तो परत गेला. परत गेल्याची सूचना प्रयोगशाळेकडे गेली, घरच्या मंडळींना ती कळली नाही. अहवाल पाहून औषधयोजना बदलू, असे आम्हीच सांगितले होते. त्यामुळे मंडळी आठ दिवस आमच्या उत्तराची वाट पाहत राहिली व जुनीच योजना चालू राहिली. अखेर त्यांनी दूरध्वनी केला, तेव्हा क्रिएटिनिन वाढल्याचे समजले. रुग्णेस त्याच दिवशी वृक्करोगतज्ज्ञांकडे पाठविले व पुढे प्रकृती सावरली. तथापि ते आठ दिवस आमच्या आळसापायी गेले, हे मान्य केलेच पाहिजे. वैद्यबंधु-भगिनींवर अशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

संचयाची कारणे

सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी १९९६ साली हॉटमेल सुरू केले, तेव्हा पत्रपेटीची क्षमता अवघी २ एमबी होती. जुनी पत्रे पुसल्यावाचून गत्यंतर नसे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ जीबी जागा घेऊन आले आणि पुसण्याची सवयच मोडली. आज जीमेलच्या विनामूल्य खात्यास १५ जीबी जागा मिळते. परंतु २०१३ पासून ही जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत सामाईक आहे. १ जून २०२१ पासून नव्याने साठविलेली सर्व छायाचित्रे तीत मोजली जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइड मोबाइलवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत धरला जातो. म्हणजे व्याधीचे लक्षण पत्रपेटीत दिसले, तरी निदान अन्यत्र असू शकते. पेटी भरली की नवी पत्रे स्वीकारली जात नाहीत आणि आपल्यालाही पाठविता येत नाहीत.

येथे एका भ्रमाचे निरसन आवश्यक आहे. जीमेलमधील 'आर्काइव्ह' हे बटण दाबल्याने पत्र समोरून दिसेनासे होते, पण जागा तसूभरही मोकळी होत नाही. जागा हवी असेल तर पत्र तेथून पुसावेच लागते. आणि ते पुन्हा लागण्याचा संभव असेल, तर त्याची प्रत आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी लागते. शोधनाप्रमाणे याही कामात पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असा क्रम पाळला, तरच ते निरुपद्रवी ठरते.

पूर्वकर्म

प्रथम खात्याच्या जागेचा तपशील पाहून ईमेल, ड्राइव्ह व फोटो यांनी किती जागा व्यापली आहे ते जाणून घ्यावे. पत्रांचाच भार असेल, तर शोधाच्या चौकटीतील अधिक पर्याय उघडून १० एमबीहून मोठी पत्रे निवडावीत. नुसत्या मजकुराची हजारो पत्रेही थोडीच जागा घेतात. खरा भार अटॅचमेंटचा असतो. ईमेलमधून जाताना फाइलचे अक्षरांत रूपांतर होऊन तिचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते, त्यामुळे ३ एमबीचे छायाचित्र सुमारे ४ एमबी जागा अडविते.

प्रत काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला गूगल टेकआउटचा. त्यात केवळ 'मेल' निवडावे. हवे तर ठरावीक लेबलेच घ्यावीत. काही तासांनी पत्रे उतरवून घेण्याचा दुवा येतो. तो थोडेच दिवस चालतो, म्हणून विलंब करू नये. मिळालेली एमबॉक्स प्रकारची फाइल थंडरबर्डसारख्या विनामूल्य प्रणालीत आयात करून वाचता येते.

दुसरा मार्ग थेट थंडरबर्डचा. खाते आयमॅप पद्धतीने जोडावे, 'लोकल फोल्डर्स' या शीर्षकाखाली वर्षवार कप्पे करावेत आणि पत्रांची तेथे नक्कल करावी. येथे सर्वांत मोठा अपघात संभवतो. आयमॅपने जोडलेल्या कप्प्यात दिसणारी पत्रे म्हणजे स्वतंत्र प्रत नव्हे. ते मूळ पेटीचे प्रतिबिंब होय. मूळ पेटीतून पत्र पुसले की प्रतिबिंबातूनही ते जाते. पत्र 'लोकल फोल्डर्स'मध्ये उतरले, तरच ते आपले झाले.

प्रत झाल्यावर संगणकाचे इंटरनेट बंद करून दहा-पंधरा पत्रे अटॅचमेंटसह उघडून पाहावीत आणि पत्रांची संख्या मूळ संख्येशी पडताळावी. मग दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन दुसऱ्या जागी ठेवावी. भेलसंहिता मुख्यतः तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित पोथीमुळे आपल्यापर्यंत आली. त्या पोथीत जे नव्हते, त्यातील बहुतेक आपण कायमचे गमावले. एकाच प्रतीवर विसंबण्याचे मोल आपल्या शास्त्राइतके क्वचितच कोणी मोजले असेल.

प्रधानकर्म

प्रत पडताळल्यावरच पुसण्यास आरंभ करावा. पुसलेले पत्र 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस राहते आणि तोवर जागा अडवितेच; जागा तातडीने हवी असल्यास ट्रॅश रिकामा करावा. त्यानंतर मात्र पत्र परत मिळण्याची आशा धरू नये. चालू रुग्णांची पत्रे, नोंदणी व प्राप्तिकर यांची कागदपत्रे आणि वादविषयक पत्रव्यवहार प्रत असली तरी मूळ पेटीत राहू द्यावा.

पश्चात्कर्म

पत्रे आपल्या घरी आली की त्यांच्या रक्षणाचा भारही आपल्यावर येतो. त्यांत रुग्णांची गुपिते आहेत. म्हणून हार्ड डिस्क सांकेतिक कुलपाने बंद करावी व तो संकेतशब्द विश्वासू कुटुंबीयास ठाऊक असावा. आपल्याकडील उन्हाळ्यात ती बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छताखाली ठेवू नये. वर्षातून एकदा जोडून फाइली उघडतात की नाही, ते पाहावे. त्रैमासिकाचा अंक हाती आला की त्याच दिवशी पेटीची जागा तपासावी, असा नियम आम्ही घालून घेतला आहे. शिवाय तातडीचा अहवाल ईमेलने धाडल्यावर दूरध्वनीही करावा, असे आता प्रत्येक रुग्णास सांगतो.

षट्क्रियाकालाचा उपदेश आपण रुग्णांना नित्य करतो. दोष संचयावस्थेत असतानाच जिंकावा, हे आमच्या पत्रपेटीच्या बाबतीत आम्ही विसरलो आणि त्याचा त्रास एका रुग्णेस झाला. वाचकांनी अंक खाली ठेवण्यापूर्वी आपल्या पेटीत किती जागा उरली आहे, एवढे तरी आजच पाहावे.