गाडीला वळसा, सायकलला सरळ वाट

मघाशी एक चिठ्ठी आली : "नेदरलँड्समध्ये लोकांना सायकलची मुळातच आवड. आपल्याकडे कसं जमणार?" तर आधी हे गृहीतक तपासू या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी भराभर वाढल्या, सायकली कमी होत गेल्या, गावातले चौक वाहनतळ बनले. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. मग पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'.

आता ग्रोनिंगन बघा. देशाच्या उत्तरेचं विद्यापीठाचं शहर. (डच लोक 'ख्रोनिंगन' म्हणतात, मला ते जमत नाही.) १९७७ च्या सप्टेंबरात तिथे वाहतुकीचा नवा आराखडा लागू झाला. फळ्यावर वर्तुळ काढतो आणि त्याचे चार भाग करतो. हे जुनं शहर, आणि ही कड म्हणजे त्याच्याभोवतीचा रस्ता. मोटारीने तुम्ही चारही भागांत जाऊ शकता. पण एका भागातून शेजारच्या भागात थेट नाही. बाहेर यायचं, वळसा घालायचा, पुन्हा आत शिरायचं. पायी किंवा सायकलवर असाल तर सरळ पलीकडे. बंदी कुणालाच नाही. पण पाच मिनिटांच्या कामाला गाडी काढणं परवडेनासं झालं.

बरंचसं काम रस्ते एकेरी करून आणि फलक लावूनच झालं. दुकानदार मात्र खवळले, धंदा बसणार म्हणून. मॅक्स व्हान डेन बर्ग हे विशीतच तिथल्या पालिकेच्या कारभारात आले होते. त्यांनी हा रोष अंगावर घेतला.

पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले आणि लोक खरंच चालू लागले, बाकांवर बसू लागले. पण पेठांचं काय? "सायकल ट्रॅकला जागाच नाही हो!" मान्य. म्हणूनच मी ग्रोनिंगन निवडलं. त्या आराखड्याला रस्ता रुंद असावा लागत नाही, कोण कुठून आरपार जाणार एवढंच ठरवावं लागतं.

आपली खरी अडचण वेगळी आहे. जिथून सायकल जाते, तिथून स्कूटरही जाते. तिथे खांब रोवून भागणार नाही, आणि फलक आपण किती वाचतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. यावर तुमचं काय म्हणणं आहे? माईक मागे द्या जरा.